कशानं बिथरते?

मुलांच्या मानसोपचार वॉर्डातली चिमणी नावाची पोर आता डोकं आपटत नव्हती, कुणाला चावतही नव्हती. तिला इथवर आणताना सिस्टरच्या दंडावर दातांचे व्रण उठले होते, पण सिस्टरला जास्त अप्रूप होतं ते चिमणीच्या आईचं. एरवी पालक भेटीला येतात आणि घड्याळ बघत बसतात. या बाईनं मात्र खोदून खोदून विचारलं होतं, "सिस्टर, ती नेमकी कशानं बिथरते हो?"

"फुग्यानं. फुटला की पोरीचा जीव जातो. घरात फुगा आणूच नका."

आईनं डोळे पुसत मान हलवली. अशी आई असली की निम्मं औषध तिथंच झालं, असं सिस्टर चहाच्या वेळी सगळ्यांना सांगत सुटली होती.

घरी न्यायच्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून, ओठ रंगवून आली. लेकीला न्यायचा आनंद, दुसरं काय! सिस्टर चिमणीची पिशवी भरत होती, तेवढ्यात पाठीमागे फट्कन आवाज झाला. चिमणी किंचाळत खाली कोसळली आणि फरशीवर डोकं आपटू लागली. खिडकीत मोबाइल नीट टेकवून ठेवलेला. आईच्या एका हातात टाचणी, दुसऱ्या हातात फुग्याची लोंबती चिंधी. सिस्टर पोरीकडे झेपावली.



"अहो सिस्टर, तुम्ही नका ना मध्ये येऊ! तिला मी जवळ घेते, तेवढं व्हिडिओत येऊ दे."