भरल्याशिवाय लावू नका

आजींनी सुट्टीत घरी या म्हटलं, की मुलांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आम्ही सगळे आलो की तू दिवसभर भांड्यांत, आई. तुझे हाल बघवत नाहीत. पुढच्या सुट्टीत नक्की!"

यंदा आजींनी ते कारणच मुळापासून उपटायचं ठरवलं. ओट्याखालचं डब्यांचं कपाट काढायला लावलं आणि तिथे भांडी धुण्याचं मशीन मागवलं, दुकानातलं सगळ्यात मोठं.

फिटरने नळ जोडला, सांडपाण्याचा पाइप सिंकखाली नेला, मशीन डगमगू नये म्हणून त्याचे पाय वरखाली करून पाहिले.

"एवढं मोठं घेतलंत, आजी? घरात माणसं किती?"

"अकरा," आजी पटकन म्हणाल्या. "आता बघतेच, कोण कसं येत नाही ते!"

"मग झकास. फक्त एक लक्षात ठेवा, पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. पाणी आणि लाइट उगाच वाया जातं."

सुट्ट्या लागल्या, तसे फोन आले. थोरल्याची रजा ऐन वेळी नामंजूर झाली होती. धाकट्याच्या पोरांचे क्लास निघाले होते. लेक नुसतंच "बघू गं" म्हणाली. मशीन कसं चालतंय, हे मात्र तिघांनीही आवर्जून विचारलं.

जेवण झाल्यावर आजींनी आपलं ताट मशीनमध्ये ठेवलं आणि बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.



मग कपाटातली दहा कोरडी, स्वच्छ ताटं काढून, एकेकाचं नाव घेत, त्यांनी ती आपल्या ताटाशेजारी लावली आणि मशीन सुरू केलं.