लाभार्थीचा जबाब

पाणवठ्याच्या अनुदानाचा अर्ज दोनदा परत आला होता. शेरा तोच : "लाभार्थीचा जबाब त्रोटक. किमान वीस शब्द हवेत."

वनरक्षक शबाना मुलाणी पाय ओढत तिसऱ्यांदा डोंगर चढली. कोरड्या तळ्यात म्हातारं अस्वल पडून होतं. तिनं भाषायंत्र त्याच्या तोंडाशी धरलं. "बोल बाबा, जरा सविस्तर."

अस्वल घुरघुरलं. यंत्र म्हणालं, "पाणी." एवढंच.

शबानाला राहवेना. तिनं आपली बाटली खळग्यात रिकामी केली. अस्वलानं खळगा चाटून घेतला आणि मग ते बराच वेळ बोललं. शबानानं पडद्यावर शब्द तेवढे मोजले, वाचले नाहीत, आणि जबाब पाठवून दिला.

आठवड्यानं उत्तर आलं : "जबाबानुसार लाभार्थीस पाणी मिळाले, गार होते, बाई चांगली आहे. सबब अर्ज नामंजूर."