दुपारची गोळी

आईने उशीची कड दातांत धरली होती. ओरडायचं नाही, हा तिचा हट्ट. पण कळ आली की पायांची बोटं वळायची आणि अंग धनुष्यासारखं वाकायचं. कॅन्सर हाडांत उतरला होता. लेक नुकतीच बसची शेवटची फेरी संपवून आली होती. खांद्यावरची कंडक्टरची पिशवीही तिने अजून उतरवली नव्हती.

तिने तसाच डॉक्टरांना फोन लावला.

"गोळीचा जोर वाढवून आठवडा झाला," ते म्हणाले. "एवढं दुखायला नको. गोळ्या पोटात जातात ना नक्की?"

लेकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिवसभर आईजवळ तिचा धाकटा भाऊच असायचा.

भाऊ फरश्या बसवायचा. हात असा साफ, की त्याच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. तीन वर्षांपूर्वी तो कामावर परांचीवरून पडला. मणका दुखावला, म्हणून दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. मणका बरा झाला, गोळ्या सुटल्या नाहीत. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. दोन्ही वेळा घरात पाऊल टाकताना अगदी पूर्वीसारखा हसला होता. आणि दोन्ही वेळा, पंधरा दिवस जायच्या आत, पुन्हा गोळीसाठी घामाने निथळत पोट धरून मोरीत बसला होता.

लेकीने रजा टाकली. गोळ्या कपाटात, किल्ली कमरेला. कुलूप लावलं ते भावाच्या डोळ्यांदेखत. आता प्रत्येक गोळी ती स्वतः आईच्या जिभेवर ठेवायची, वर पाणी पाजायची. असे दोन दिवस गेले. आई तळमळतच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोळी देऊन ती पेला विसळायला आत गेली. साबण संपला होता, म्हणून तशीच परत फिरली आणि दारातच थबकली. भाऊ पलंगाशी गुडघ्यांवर बसला होता. लटलट कापत होता. आईने तोंडात बोट घातलं, गालाच्या आतून ओली गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"परत घाल तिच्या तोंडात!" लेक किंचाळली. "अरे, मरतेय ती कळांनी. दिसत नाही तुला?"

"दिसतंय गं ताई. सगळं दिसतंय." तो ढसाढसा रडत होता. खरंच रडत होता. आईचे पाय धरून त्याने त्यांवर कपाळ टेकलं. "ही शेवटची. आईशप्पथ, शेवटची."

लेकीने त्याची मूठ जबरदस्तीने उघडली. ती रिकामी होती.

तिने हात उगारला. आईने तो वरच्या वर धरला. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कुणास ठाऊक.

"मारू नकोस गं त्याला," आई धापा टाकत म्हणाली. "माझं काय, मी महिनाभरात सुटेन. पण मग त्याला कोण देणार आहे?"