हव

पद्मजाच्या पत्राला श्यामरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र सदऱ्याच्या खिशातच होतं आणि आता, डॉक्टरीणबाईंसमोर, छातीला टोचत होतं.

धाकटी बहीण दुर्गला असते. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. 'भाऊ, तुझ्या हृदयात तार घालून आतली बिघडलेली जागा जाळली, तसंच माझंही करायचं म्हणतात. तू सांगशील तसं करीन. आता तुले कसं वाटून राहिलं?'

कसं! बाकी सगळे विचारत, 'ठीक आहे ना?' त्याचं रायपुरी उत्तर त्यांच्या ओठांवर असे : हव. म्हणजे हो. सुनेला हव, तेलीबांध्याच्या तळ्यावर भेटणाऱ्यांना हव. जुनी धडधड गेली होती, हे खरंच. पण हल्ली छाती मधेच गप्प व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आपल्यालाच उगाच वाटत असेल. कशाला कुणाला त्रास?

पण 'कसं'ला हव म्हणता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली. "रिपोर्ट तो बढ़िया है. सब ठीक ना, अंकल?"

"हव."

सून पूर्णिमा पर्स घेऊन उठली. तेही उठले, आणि आतलं ते गप्प झालं. त्यांनी दाराची चौकट धरली. पद्मजाला काय लिहायचं? हव? आणि त्या एका शब्दावर ती ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपणार?

ते परत येऊन बसले.

"नाही, बाई. थांबून राहिलं ते मधीमधी. अंधारी येते."

एरवी मराठीला हिंदीत उत्तर देणाऱ्या पूर्णिमानं डॉक्टरांना शब्दन्‌शब्द समजावला. मग कडाडली, "बाबूजी, ये अब बता रहे हो?"

छातीला ठोके टिपणारं यंत्र बांधून त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी कळलं : जाळताना शेजारची, ठोके पुढे नेणारी वाट दुखावली होती. क्वचित होतं असं. पेसमेकर बसवावा लागला.

घरी सोडलं त्या दिवशी निघण्याआधी त्यांनी लिहिलं, 'पद्मे, धडधड गेली, पण मले मग पेसमेकर बसवा लागला. सगळं विचारून मग ठरवजो. अन् कसं वाटते ते खरं सांगत जाजो.' तिचं पत्र पिशवीत ठेवून त्यांनी हे खिशात घातलं.

वाटेत पूर्णिमानं टपालपेटीपाशी गाडी थांबवली. ते जाऊन आले.

"डाल दिया?"

"हव."

त्या हववर ती गाडी सुरूच करेना. तेव्हा श्यामरावांनी सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला.