चार इंची पुली

तिसरं टूल जळालं तशी वृषालीनं लेथ बंद केलं. वर्कशॉपची इंजिनिअर म्हणून तिला येऊन जेमतेम महिना झाला होता.

"चाचा, स्पीड जास्त वाटतोय."

"जास्त कसा होईल?" त्याच लेथवर चाळीस वर्षं काढलेले रजाक मिस्त्री म्हणाले. "जुनी मोटर मिनिटाला नऊशे साठ फेऱ्यांची, कालची नवीही तेवढीच. म्हणून तिच्यावर पट्ट्याची जुनीच सहा इंची पुली चढवली. मोटरची पाटी वाचूनच बसवली मी."

वृषालीनं वाकून पाहिलं. पाटीवर बारीक आकडे कोरले होते: चौदाशे चाळीस. लेथ दीडपट वेगानं पळत होतं. पहिलाच वेग ठेवायला मोटरवर लहान, चार इंची पुली हवी होती. मिस्त्री बोटानं आकडा दाखवत होते, पण बोट कंपनीच्या नावावर होतं.

नजर गेलेल्या टर्नरला मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवतात, हे तिला ठाऊक होतं.

"ग्रीसनं भरलीय पाटी," ती म्हणाली. "मलाही नीट लागेना. चार इंची लावून बघू."

दुसऱ्या दिवशी ती पांढरा रंग आणि ब्रश घेऊन आली आणि एकेका मोटरवर तिचा स्पीड वीतभर आकड्यांत रंगवू लागली. मालकांनी विचारलं, तर म्हणाली, "मला लांबून दिसायला हवं."

मिस्त्री चिंधीनं हात पुसत बराच वेळ बघत उभे राहिले.

"कोपऱ्यातल्या ड्रिलवर आणखी जरा मोठं लिही, पोरी," ते हळूच म्हणाले. "तिथं उजेड कमी आहे."