दुमडलेला कोपरा

"नोट पाकिटातून काढायची नाही," काका फोनवर म्हणाले. "आणि तो कोपरा तर अजिबात उलगडायचा नाही. उलगडला की किंमत गेली. मी पाचला येतो घ्यायला."

"अहो, पण तुमचा गुडघा?"

"गुडघ्याला विचारून बसलो तर घराबाहेर पडायलाच नको. चहा टाकून ठेव, पोरी."

तिने फोन ठेवला आणि हाताची खळ फडक्याला पुसली. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून बांधून ती चाळिशी पार करून गेली होती. सगळी गल्ली तिला बाइंडरबाई म्हणायची.

तिचा छंद मात्र पुस्तकांचा नव्हता. ती चुकलेल्या नोटा जमवायची. एका नोटेवर डावीकडे एक नंबर, उजवीकडे दुसराच. एकीची मागची बाजू साफ कोरी. असली नोट हातात आली की लोक नाक मुरडून ती आधी खपवतात. ही बाई तिच्यासाठी अर्धं शहर पालथं घालायची. अल्बमात प्रत्येक नोटेखाली काय चुकलंय ते काकांनी स्वतः लिहून दिलं होतं, हिरव्या पेन्सिलीने, मोत्यांसारख्या अक्षरात.

काका म्हणजे रक्ताचे नव्हेत. नोटांच्या छापखान्यात वडिलांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. दोघांचं काम एकच. छापलेला मोठा कागद समोर घ्यायचा, डोळ्यांत तेल घालून तपासायचा, बाहेरच्या कोऱ्या कडेवर, अगदी कोपऱ्यात, पेन्सिलीने खूण करायची, कागद उलटायचा आणि हाताने कोपरा सरळ करायचा. मग ते कागद कापायला जायचे. कड कापली जायची, तिच्याबरोबर खूणही रद्दीत.

कोपरा सरळ करायचा राहिला, तर तो पात्याच्या तावडीतून सुटायचा आणि नोटेला जादा कागदाचा एक कान राहायचा.

एकदा एकाच गठ्ठ्यातल्या सात नोटा अशा कान घेऊन बाहेर पडल्या. बँकेचं पत्र आलं, तोवर नोटा लोकांच्या खिशात पोचलेल्या. तो गठ्ठा एक तर वडिलांच्या टेबलावरून गेला होता, नाही तर काकांच्या. वडिलांनी शपथ घेतली. काकांनी मान खाली घालून सांगितलं, "साहेब, यांच्याकडूनच गेला."

वडिलांची नोकरी गेली. ते घरी बसून कागदी पाकिटं चिकटवू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "ते कागद माझ्या हाताखालून गेलेले नाहीत." ऐकून ऐकून तिला वीट आला. सोळाव्या वर्षी ती तोंडावर म्हणाली, "बाबा, एकदा चुकलो म्हणा ना. विषय तरी संपेल."

त्यानंतर वडिलांनी तिच्यासमोर तो विषय कधीच काढला नाही. चार वर्षांनी ते गेले, पण तिचा राग काही गेला नाही. चूक कोणाच्याही हातून होते. ती पोटच्या पोरीपासूनही लपवायची, याला तिच्या मते दगाच म्हणायचं.

काकांचं तसं नव्हतं. "खोटं बोलता आलं नाही गं मला," एवढं ते सरळ सांगायचे. तिची फी त्यांनी भरली. कागद कापायचं पहिलं यंत्र त्यांनी घेऊन दिलं. वडिलांचा सख्खा भाऊ ज्या घराकडे फिरकला नाही, त्या घरासाठी हा माणूस धावत आला. तिने नोटा जमवायला घेतल्यावर तर ते प्रत्येक दुकानात तिच्याबरोबर यायचे. त्या सातांपैकी एखादी मिळाली, की दुकानातच खिशात घालायचे. "बापाची चूक तुझ्या घरात कशाला? माझ्याकडे राहू दे." अशा सहा नोटा त्यांच्याकडे गेल्या होत्या.

सातवी आज सकाळी सापडली. काकांचा गुडघा सुजलेला, म्हणून ती पहिल्यांदाच एकटी गेली होती.

आता नोट टेबलावर होती. नंबर त्याच गठ्ठ्यातला. कोपरा आत दुमडलेला, वर्षानुवर्षांच्या दाबाने घट्ट बसलेला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. द्यायची तर होतीच. पण त्या दुमडीत वडिलांच्या हातची एक खूण होती, आणि त्यांच्या हातचं दुसरं काही तिच्याकडे उरलं नव्हतं. होता तो ड्रॉवरमधला बोटभर निळ्या पेन्सिलीचा तुकडा. छापखान्यात प्रत्येक टेबलाचा रंग ठरलेला असायचा, वडिलांचा निळा. तो तुकडा तिने काढून नोटेशेजारी ठेवला.

"चुकलात तर चुकलात, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी उगाच धरून बसले."

म्हणताना तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला बापाची नुसती आठवण आली, राग आला नाही.

किंमत गेली तर गेली. काकांना काय, ती समजावेल. तिने नोट पाकिटातून काढली. ओलसर कापूस दुमडीवर फिरवला, थोडं थांबली, आणि हाडाची पट्टी अलगद आत सरकवली. जुना कागद सोडवणं हे तर तिचं रोजचं काम.

जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबा, मग पुन्हा एक पायरी.

"पोरी, चहा टाकलास का?"

"टाकते, काका. या."

कान उलगडला. आतली कोरी कड पांढरीशुभ्र राहिली होती, आणि तिच्यावर, अगदी कोपऱ्यात, खूण होती: ठसठशीत आणि हिरवी.