उरलेला चरण

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात सप्ताहाचं कीर्तन ऐन रंगात आलेलं, तेवढ्यात नव्या सरकारचे मंत्री मंडपात आले. कीर्तनकार महाराजांनी मोठ्या मनानं त्यांना आपल्या जागी उभं केलं. मागे टाळ घेऊन नत्थुजी उभेच होते. नाल्यावर पूल नाही, म्हणून त्यांची वांगी दर पावसाळ्यात मळ्यातच सडत. आज मंत्र्यांच्या तोंडून पुलाचं नाव निघावं, एवढ्यातच त्यांचा जीव अडकला होता.

मंत्री म्हणाले, "आमच्या सरकारचं पहिलं काम..."

महाराजांनी अर्धा चरण सोडला की उरलेला टाळकऱ्यानं उचलायचा, ही चाळीस वर्षांची सवय. नत्थुजींनी टाळ झणकारले आणि सुरात उचललं, "नाल्यावरचा पूल!"

"आणि दुसरं..."

"शेतातल्या मोटरीले दिवसाची लाइन!"

मंत्री चाटच पडले. "बाबा, आमचं सरकार येऊन आठच दिवस झाले. माझं भाषण तुम्हाला पाठ कसं?"

नत्थुजींनी भक्तिभावानं हात जोडले.



"साहेब, अभंग तर जुनाच हाय. महाराज तेवढे दर पाच वर्सानं नवे येते."